भास्कराचार्य : घटिकापात्र, तास आणि कॉम्प्युटरचं क्लॉक



आपण शाळेत रोज म्हणतो, पहिला तास, दुसरा तास, तास संपला. आणि भिंतीवर लावतो ते घड्याळ. या दोन शब्दांकडे जरा नीट बघा. घड्याळ या शब्दात घटी आहे. घटी म्हणजे वेळ मोजायचं पाण्यातलं भांडं. तास म्हणजे मुळात ठोका द्यायची धातूची थाळी. त्या थाळीवर वेळ वाजवली जायची, म्हणून त्या वेळेलाच तास म्हणायला लागले. म्हणजे वेळेची दोन वेगवेगळी कामं आपल्या भाषेत जपून ठेवलेली आहेत. एक काम मोजण्याचं, दुसरं सगळ्यांपर्यंत पोहोचवण्याचं.

कॉम्प्युटर, मोबाईल यांच्या आतही हीच दोन कामं चालतात. मोजणाऱ्या भागाला ऑसिलेटर म्हणतात आणि पोहोचवणाऱ्या भागांना क्लॉक ड्रायव्हर आणि क्लॉक बफर. ही नावं अवघड वाटतात. पण आपल्याच डोंगराच्या कुशीतल्या एका माणसाचं चरित्र वाचलं, तर ती मुलांना सहज समजावता येतात. तो माणूस म्हणजे भास्कराचार्य.

जन्म आणि घराणं

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ.स. १११४ साली झाला. हे साल त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवलंय. आपलं गाव सह्य पर्वताजवळचं विज्जडविड, हेही त्यांनीच लिहिलं. हे विज्जडविड नेमकं कुठलं यावर अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. पण त्यांच्या घराण्याचा सगळ्यात ठोस पुरावा सापडतो तो जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्यात, पाटणे या गावाजवळ.

फर्दापूरला उभं राहिलं की समोर अजिंठ्याचा डोंगर दिसतो. हीच रांग पश्चिमेकडे सरकत चाळीसगावच्या दक्षिणेला जाते. तिथे पायथ्याशी पाटणादेवीचं देऊळ आहे. आपण मुलांना सहलीला अजिंठ्याची लेणी दाखवतो. त्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला आपल्या गणिताचं एक मोठं घर होतं, हे मात्र सांगायचं राहून जातं.

भास्कराचार्यांचे वडील महेश्वर हे ज्योतिषी आणि गणिती होते. तेच त्यांचे गुरू. घरात पिढ्यान् पिढ्या विद्या चालत आलेली. शिलालेखात या घराण्याची वंशावळ थेट त्रिविक्रमापासून दिलेली आहे.

ग्रंथ

वयाच्या ३६ व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. लीलावतीत अंकगणित आणि भूमिती आहे. त्यातली उदाहरणं भुंग्यांची, हंसांची, मोर आणि सापाची, वाऱ्याने मोडलेल्या बांबूची. आज आपण ज्याला जीवनाशी जोडलेलं गणित म्हणतो, ते हेच. पुढे वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ च्या सुमारास, त्यांनी करणकुतूहल लिहिलं. पंचांगाची आकडेमोड सोपी व्हावी म्हणून केलेलं ते पुस्तक.

शिक्षक म्हणून मला त्यांची एक गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. सिद्धान्तशिरोमणीवर त्यांनी स्वतःच वासनाभाष्य नावाची टीका लिहिली. इथे वासना म्हणजे उपपत्ती, नियमामागचं कारण. नुसतं सूत्र देऊन ते थांबले नाहीत. हे असं का, ते समजावून सांगितलं.

घटिकापात्र

गोलाध्यायात यंत्रांचं एक प्रकरण आहे. त्यात घटिकापात्र येतं. तांब्याचं, घागरीच्या खालच्या अर्ध्या भागासारखं एक भांडं. त्याच्या तळाला छिद्र. हे भांडं पाण्याने भरलेल्या मोठ्या पात्रात तरंगत ठेवायचं. छिद्रातून हळूहळू पाणी आत शिरतं आणि ठराविक वेळाने भांडं बुडतं. बुडालं की काढायचं, रिकामं करायचं, पुन्हा ठेवायचं. एक घटिका म्हणजे २४ मिनिटं. दिवस आणि रात्र मिळून ६० घटिका. आपण आजही घटकाभर बस म्हणतो, घटका भरली म्हणतो, ते या भांड्यामुळेच.

जुन्या ग्रंथांमध्ये भांडं किती वजनाचं असावं, छिद्र पाडायची सोन्याची सुई किती लांब असावी, अशी मापं दिलेली होती. भास्कराचार्यांना ती पटली नाहीत. अशी मापं पाळणं अवघड आणि त्यामागे युक्तीही नाही, असं त्यांचं मत. त्यांचा उपाय साधा होता. भांडं कसंही बनवा. एका अहोरात्रात ते किती वेळा बुडतं ते मोजा. मग ६० ला त्या संख्येने भागा. तुमच्या भांड्याचं माप मिळालं.

समजा, एक भांडं अहोरात्रात ७२ वेळा बुडालं. ६० भागिले ७२ केलं की पाऊण घटिकेपेक्षा थोडं जास्त येतं. मिनिटांत सांगायचं तर २० मिनिटं. आता ते भांडं २४ मिनिटांचं नसलं तरी बिघडत नाही. आपल्याला त्याचं माप माहीत आहे. सूर्याशी ताडून पाहिलेलं भांडं विश्वासाचं. आज प्रयोगशाळेत उपकरण प्रमाणित करतात, तोच हा विचार.

भास्कराचार्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. याच प्रकरणात पारा भरलेल्या, आपोआप फिरत राहणाऱ्या चाकाचंही वर्णन आहे. असं चाक बाहेरून ऊर्जा मिळाल्याशिवाय चालत राहू शकत नाही, हे आज आपल्याला माहीत आहे. मुलांना दोन्ही सांगावं. त्याने मोठा माणूस लहान होत नाही.

ठोका देणारा माणूस

आता विचार करा. भांडं बुडालं. ते कोणाला कळलं? फक्त शेजारी बसलेल्या माणसाला. गावाला कसं कळणार? म्हणून तो माणूस उठून थाळीवर ठोका द्यायचा. भांडं बुडतानाचा आवाज अगदी हळू, डुबुक असा. थाळीचा आवाज मोठा. थाळी वेळ मोजत नाही. ती फक्त मिळालेली खूण जोरात पुढे पाठवते. इलेक्ट्रॉनिक्समध्ये क्लॉक ड्रायव्हर नेमकं हेच करतो.

आपल्या मनगटावरच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळात स्फटिकाचा एक छोटा तुकडा असतो. तो एका सेकंदात ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या म्हणजे २ चा १५ वा घात. ती १५ वेळा निम्मी केली की बरोबर १ उरतो, म्हणजे सेकंदाला एक टिक. हा झाला मोजणारा भाग.

कॉम्प्युटरमध्ये ठोके याहून फारच वेगाने पडतात. तीन गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला तीनशे कोटी ठोके. आणि प्रत्येक ठोका चिपमधल्या लाखो छोट्या भागांना मिळावा लागतो. कारण ठोका पडला की सगळ्यांनी एकदम पुढचं पाऊल टाकायचं असतं. कवायतीत शिक्षक एक-दोन म्हणतात आणि सगळी रांग एकाच वेळी पाय उचलते, तसं.

इथे दोन अडचणी येतात.

पहिली अडचण ताकदीची. ठोका घेणारा प्रत्येक भाग म्हणजे एक छोटी वाटी समजा. ती विजेच्या भाराने भरली की त्या भागाला ठोका कळतो. एका नळाखाली दोन वाट्या ठेवल्या तर पटकन भरतील. हजार वाट्या ठेवल्या तर? धार पुरणार नाही. ठोका एकदम वर चढायच्या ऐवजी रेंगाळत चढेल. मग कोणाला तो आधी कळेल, कोणाला उशिरा, आणि कोणाला कळणारही नाही. म्हणून मध्ये बफर बसवतात. बफर आलेला अशक्त ठोका ओळखतो आणि स्वतःच्या वीजपुरवठ्यातून तसाच पूर्ण ताकदीचा ठोका पुढे पाठवतो. तो स्वतःचं काही मिसळत नाही. एक बफर काही जणांना ठोका देतो, त्यातले काही आणखी पुढच्यांना. झाडाच्या फांद्या फुटाव्यात तशी ही रचना असते. तिला क्लॉक ट्री म्हणतात.

दुसरी अडचण उशिराची. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. थाळीपासून १७० मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला ठोका अर्धा सेकंद उशिरा ऐकू येतो. तारेतली वीज आवाजापेक्षा कितीतरी वेगवान. पण तीन गिगाहर्ट्झच्या दोन ठोक्यांमधल्या वेळात प्रकाशसुद्धा फक्त १० सेंटीमीटर जातो. सर्किट बोर्डच्या तारेतला संदेश तर साधारण त्याच्या निम्म्या वेगाने जातो, म्हणजे जेमतेम ५ सेंटीमीटर. एका भागाला ठोका आधी आणि दुसऱ्याला नंतर मिळाला, तर त्या फरकाला स्क्यू म्हणतात. स्क्यू वाढला की एक भाग नवं उत्तर देतो आणि दुसरा जुनंच वाचत बसतो. गणित चुकतं.

यावर उपाय काय? सगळ्यांचं अंतर सारखं ठेवायचं. इंग्रजी एच अक्षर, त्याच्या चारही टोकांना पुन्हा छोटे एच, त्यांच्या टोकांना आणखी छोटे, अशी तारांची नक्षी काढतात. मधून निघालेला ठोका प्रत्येक टोकाला सारखंच अंतर चालून पोहोचतो. वाटेतल्या बफरची संख्याही प्रत्येक फांदीवर सारखी ठेवतात, कारण प्रत्येक बफर स्वतः थोडा उशीर करतो. घरात जुना, बंद पडलेला कॉम्प्युटर असेल तर त्याचा मदरबोर्ड मुलांना दाखवा. मेमरीच्या खाचांजवळ काही रेषा उगाच नागमोडी काढलेल्या दिसतील. त्या उगाच नाहीत. जवळच्या ठिकाणी जाणारी तार मुद्दाम वळवून लांब केलेली असते, म्हणजे सगळे संदेश एकाच वेळी पोहोचतात.

आणखी एक प्रकार आहे, झिरो डिले बफर. तो आपण पाठवलेला ठोका परत घेऊन मूळ ठोक्याशी ताडून पाहतो आणि फरक पडत असेल तर स्वतःला सावरून घेतो. भांडं सूर्याशी ताडून पाहायला सांगणारे भास्कराचार्य इथे आठवतात.

त्रुटीची गोष्ट, जपून सांगण्याची

भास्कराचार्यांनी काळाचे फार लहान भाग सांगितले आहेत. ६० घटिकांचा दिवस. एका घटिकेत ३० कला, कलेत ३० काष्ठा, काष्ठेत १८ निमेष, निमेषात ३० तत्परा आणि तत्परेत १०० त्रुटी. गुणाकार केला तर एका दिवसात २,९१,६०,००,००० त्रुटी होतात. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागलं की एका सेकंदात ३३,७५० त्रुटी येतात. मनगटी घड्याळाचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. दोन्ही आकडे किती जवळ आहेत बघा!

आणि इथेच आपण सांभाळायचं. मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांत यावरून लगेच सांगतात की आपल्या पूर्वजांना क्वार्ट्झ घड्याळ आणि कॉम्प्युटर माहीत होते. तसं काही नाही. ३२,७६८ हा आकडा निम्मं निम्मं करायला सोयीचा म्हणून निवडला. त्रुटी ही ६०, ३०, १८, १०० अशा भागांच्या गुणाकारातून आली. दोन्ही जवळ आले हा योगायोग. त्रुटी कागदावर ठरवता येत होती. मोजता येत नव्हती, कारण मोजायला भांडंच होतं. पण मोजता येत नसलेल्या गोष्टीलाही नाव द्यायचं आणि तिचं गणित करायचं, ही झेप मोठीच आहे. तिचं कौतुक करायला खोट्याची गरज नाही.

लीलावतीची कथा

भास्कराचार्य म्हटलं की एक कथा हमखास सांगितली जाते. मुलगी लीलावती. तिच्या लग्नासाठी एकच शुभ घटका. घटिकापात्र ठेवलेलं. लीलावती वाकून बघायला गेली, दागिन्यातला मोती भांड्यात पडला, छिद्र बुजलं. भांडं बुडालंच नाही. घटका टळून गेली. मुलगी कायमची अविवाहित राहिली आणि वडिलांनी तिच्या समाधानासाठी तिच्या नावाचं पुस्तक लिहिलं.

ही कथा भास्कराचार्यांच्या पुस्तकात कुठेही नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, त्यातून ती पसरली. म्हणजे मूळ पुस्तकानंतर चारशेहून जास्त वर्षांनी. मूळ पुस्तकात प्रश्न विचारताना कधी लीलावतीला हाक आहे, कधी मित्राला. ती मुलगी होती, विद्यार्थिनी होती की आणखी कोणी, यावर तिथे काही सांगितलेलं नाही.

ही कथा वर्गात इतिहास म्हणून सांगताना आपण बाकावर बसलेल्या मुलींना काय सांगतोय, याचा विचार करा. एका घटकेत मुलीचं आयुष्य संपतं, असंच ना? आपल्या भागात अजूनही सातवी-आठवीतल्या मुलींच्या लग्नाची बोलणी होतात. अशा वेळी मला त्यांना मोत्याची लीलावती सांगायची नाही. पुस्तकातली लीलावती सांगायची आहे, जिला एक विद्वान माणूस मान देऊन अवघड गणितं घालतो आणि उत्तराची अपेक्षा करतो.

कथा सांगायचीच असेल तर कथा म्हणून सांगा आणि मुलांना विचारा, चूक कुठे झाली? सगळा कारभार एकाच भांड्यावर सोडलेला, आणि ताडून पाहायला कोणी नाही. भास्कराचार्यांची पद्धत वापरली असती तर भांडं अडकल्याचं लगेच कळलं असतं. पाचवीची मुलंसुद्धा हे उत्तर काढतात.

मठ आणि शिलालेख

भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर. त्याला यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारी मानाचं स्थान दिलं. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा सिंघण यादवाच्या दरबारात ज्योतिषी होता. या चांगदेवाने पाटण्याला एक मठ काढला. कशासाठी? आजोबांचे आणि घराण्यातले ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिलं. शके १२व्या शतकातला, ११२८ सालचा, म्हणजे इ.स. १२०६-०७ च्या सुमाराचा शिलालेख हे सगळं सांगतो. तो संस्कृतमध्ये आहे, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. गावाच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालातून मठाला काय द्यायचं, ते त्यात लिहिलंय. व्यवहाराची गोष्ट होती, म्हणून सगळ्यांना समजेल अशा भाषेत लिहिली. गावाच्या बाजारातून शाळेचा खर्च चालवायची ही व्यवस्था! एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला.

मला हा मठ म्हणजे एक बफर वाटतो. भास्कराचार्यांनी मोजलं, लिहिलं. पण एका माणसाचा आवाज किती पिढ्या पोहोचणार? मध्ये कोणीतरी तो पुन्हा पूर्ण ताकदीने पुढे पाठवावा लागतो. चांगदेवाने ते केलं. नंतर टीकाकारांनी, नकला करणाऱ्या लेखकांनी, भाषांतर करणाऱ्यांनी केलं. मठ राहिला नाही, पण ग्रंथ आपल्यापर्यंत आले. फैजीनेही लीलावती दूरवर पोहोचवली, फक्त सोबत मोत्याची कथा आली. म्हणून आलेलं पुढे पाठवण्याआधी मुळाशी ताडून पाहायचं, एवढी काळजी आपण शिक्षकांनी घ्यायची.

वर्गात करून बघा

१. चौदा मुलांना डोळे मिटून एका रांगेत उभं करा. पहिल्याच्या खांद्यावर थाप द्या. त्याने पुढच्याला द्यायची. शेवटच्या मुलाने हात वर करायचा. किती वेळ लागला ते मोजा. मग त्याच चौदा मुलांची फांद्यांची रचना करा. शिक्षकांनी दोघांना थाप द्यायची, त्या दोघांनी प्रत्येकी दोघांना, त्या चौघांनी पुन्हा प्रत्येकी दोघांना. रांगेत थाप चौदा टप्प्यांनी शेवटी पोहोचते. फांद्यांत तीनच टप्पे लागतात, आणि शेवटचे आठ हात जवळजवळ एकदम वर जातात. हे क्लॉक ट्री झालं.

२. आता एकाच फांदीत एक मूल जादा उभं करा. त्या फांदीचे हात उशिरा वर जातील. हा स्क्यू. मुलांना व्याख्या पाठ करून घ्यायची गरज पडत नाही.

३. प्लास्टिकच्या वाटीला तळाशी बारीक छिद्र पाडा आणि बादलीत तरंगत ठेवा. ती बुडायला किती वेळ लागतो ते पाच वेळा मोजून सरासरी काढा. दिवसभरात ती किती वेळा बुडेल ते मुलांना काढू द्या. शेवटी छिद्रावर तांदळाचा दाणा ठेवा आणि काय होतं ते बघू द्या.

४. सहावीच्या पुढच्या मुलांना त्रुटीचा गुणाकार करायला द्या. मोठ्या संख्यांचा सराव होतो आणि इतिहासही होतो.

पालकांनो, सुट्टीत अजिंठ्याला आलात तर एक दिवस काढून मुलांना पाटण्यालाही घेऊन जा. आणि घरी घड्याळाकडे बोट दाखवून एकदा विचारा, यात मोजणारं कोण आणि सांगणारं कोण?